दगडी पाला तोडण्याआधी

सोयाबीन काढणीला आलं की आमच्याकडे विळ्यांना धार लागते आणि बोटांना कापे बसतात. जिंतूर तालुक्यातल्या चढउताराच्या मुरमाड तुकड्यांत हार्वेस्टर नीट फिरत नाही, त्यामुळे बरीच काढणी अजून हातानंच होते. गेल्या हंगामात माझ्या डाव्या करंगळीवर विळा घसरला. रक्ताची धार लागली. शेजारच्या ओळीत तात्या होते, माझे चुलते. मान वर न करता त्यांनी धुऱ्याकडे हात केला. "आरं, पाला चोळ की. बघत काय बसलास!"

मी धुऱ्यावर गेलो, दगडी पाल्याची चार पानं खुडली, तळहातावर घेतली आणि चोळता चोळता थांबलो. परवाच या धुऱ्यावर तणनाशक मारलं होतं. मारणारे तात्याच.

पानं हिरवीगार होती. त्यांच्याकडे पाहून कुणाला काही शंका आली नसती. म्हणूनच हे लिहायला बसलो. दगडी पाल्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. लहानपणी माझे गुडघे याच पाल्यानं हिरवे झालेले आहेत आणि शाळेची पाटीही आम्ही याच पानांनी घासायचो. पण आजीनं जो पाला चोळला तो ज्या धुऱ्यावरचा होता, तो धुरा आता तसा राहिलेला नाही. परभणी जिल्ह्यातल्या सगळ्या शेतकऱ्यांना, मजुरांना, शाळेच्या मैदानावर लेकरं सांभाळणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना माझं सांगणं आहे, की हा पाला हातात घेण्याआधी थोडं थांबा आणि त्याच्याकडे नीट बघा.

बघायचं म्हणजे वाकून. हे झाड उभं राहत नाही. त्याचं खोड भुईला धरून पसरतं आणि पेरापेराला मुळं सोडतं. पानं समोरासमोर जोडीनं येतात, बोटभर लांब, टोकाला निमुळती. त्यांच्या कडेला करवतीसारखे दाते असतात, पण करवत एखाद्या शिकाऊ लोहारानं केल्यासारखी, एक दाता मोठा तर दुसरा बारका. पान दोन बोटांत धरून चोळलं की मांजराची जीभ लागावी तशी खरखर जाणवते. दोन्ही अंगांना ताठ लव असते. पण खरी खूण फुलाची. जमिनीलगतच्या या पसाऱ्यातून वीतभर उंच, बिनपानाचा, एकटा दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला एकच फूल. एकदांडी हे नाव त्यावरूनच पडलं. फूल शर्टाच्या बटणाएवढं, मधे पिवळी गादी आणि भोवती पाचेक फिक्या पांढऱ्या पाकळ्या, एकमेकींपासून अंतर राखून असलेल्या. एक पाकळी नखानं तोडून डोळ्यांजवळ धरा. तिच्या टोकाला तीन दात दिसतील. फूल वाळलं की तिथं मऊ पिसांचा गोळा होतो आणि वाऱ्यावर बी उडून जातं, रुईच्या म्हातारीचं धाकटं भावंडच. एका झाडाचं शेकडो बी. म्हणून ते रस्त्याच्या कडेला, एसटी स्टँडच्या मागं, देवळाच्या ओट्याच्या फटीत, दगडांच्या पौळीत, सगळीकडे असतं आणि बाराही महिने फुललेलं असतं.

शास्त्रज्ञ त्याला ट्रायडॅक्स प्रोकंबेन्स म्हणतात. लिनियस या स्वीडिश माणसानं १७५३ साली हे नाव छापलं. दुसऱ्या शब्दाचा अर्थ भुईवर पसरणारं. आपल्याकडे कुणी त्याला दगडी पाला म्हणतं, कुणी एकदांडी, कुणी कंबरमोडी, कुणी जखमजुडी. कंबर मोडून वाकल्याशिवाय ती हाती लागत नाही म्हणून कंबरमोडी, हा अर्थ मी माझ्यापुरता लावलेला आहे, कुणी खरा मानू नये. खरी गंमत, किंवा खरी अडचण म्हणा, टणटणी या नावाची आहे. काही पुस्तकांत हे नाव दगडी पाल्याला दिलेलं आढळतं आणि बऱ्याच गावांत टणटणी म्हणजे घाणेरी, ती काटेरी, रंगीत गुच्छांची झुडपं, जी खाऊन जनावरांचं यकृत बिघडतं. फोनवरून कुणी "टणटणीचा पाला लाव" म्हणालं तर कोणती टणटणी? म्हणून नावावरून औषध घेऊ नका. ज्याला झाड माहीत आहे त्याच्या हातून, झाड डोळ्यांनी पाहून घ्या.

सगळ्यात मोठी गल्लत गाजरगवताशी होते. वाचून हसू येईल, कारण शेतात राबणाऱ्याला हा फरक झोपेतही कळतो. पण पुण्याहून सुट्टीत आलेल्या भाच्याला कळत नाही, आणि "मामा, हाच ना तो पाला?" म्हणून तो मूठभर गाजरगवत घेऊन येतो. दोघांची फुलं पांढरी, दोघं सूर्यफुलाच्या कुळातली, दोघं मूळची अमेरिका खंडातली. पण गाजरगवत कमरेएवढं उभं वाढतं, त्याचं पान गाजराच्या पानासारखं बारीक चिरलेलं असतं आणि फुलं तांदळाच्या कण्यांसारखी, एका झाडावर शेकडो. पुण्याच्या आसपास ते १९५०च्या दशकात नजरेत आलं आणि पुढं देशभर पसरलं. अंगाला खाज, कातडी काळी पडून जाड होणं, दमा, हे सगळं त्याच्यामुळं होतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात ते खाऊन फस्त करणारे मेक्सिकन भुंगे तयार करून शेतकऱ्यांना दिले जातात. एकाच खंडातून आलेली एकाच कुळातली दोन तणं, एकाला आपण जखमेवर लावतो आणि दुसऱ्यावर भुंगे सोडतो! पण कूळ एक असल्यानं एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्याला गाजरगवताचं वावडं आहे, हात लागला की पुरळ उठतं, त्यानं दगडी पाला उघड्या जखमेवर लावण्याच्या भानगडीत पडू नये.

दुसरी गल्लत माक्याची. माका पाटाच्या कडेला, ओलीत वाढतो, त्याचं पान अरुंद असतं, फूल चिमुकलं आणि पूर्ण पांढरं. पान चुरडून ठेवलं की त्याचा रस थोड्या वेळानं काळा पडतो. केसांच्या तेलात घालतात तो भृंगराज हाच. दगडी पाला भृंगराज म्हणून खपवला जातो, हे जुनं दुखणं आहे. बाजारातून वाळलेली पुडी आणलीत तर तिच्यात काय आहे हे तुम्हाला किंवा मला सांगता यायचं नाही.

आता थोडं कडू. मोबाइलवर अधूनमधून मजकूर फिरतो की हा पाला म्हणजे ऋषिमुनींनी पाच हजार वर्षांपूर्वी सांगितलेलं औषध. तसं नाही. हे झाड उष्ण अमेरिकेतलं. कोलंबस तिकडे पोचला १४९२ साली. चरक आणि सुश्रुत त्याच्या कितीतरी आधीचे, त्यांनी हा पाला पाहिलेलाच नाही. यात कमीपणा वाटण्यासारखं काय आहे? दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू मेक्सिकोचा. ठेच्यातली मिरची तिकडची, त्यात घातलेले शेंगदाणेही तिकडचेच. उलट मला यात आपल्या आज्यांची हुशारी दिसते. एक परकं तण धुऱ्यावर येऊन बसलं, कुठल्या पोथीत त्याचं नाव नाही, कुणी वैद्यानं सांगितलं नाही, आणि तरी कुणीतरी ते चोळून पाहिलं, रक्त थांबल्याचं पाहिलं, शेजारणीला सांगितलं. हे पाठांतर नव्हतं, पारख होती. आपण तिचं पाठांतर करून टाकलं.

लोक त्याचा वापर कशाकशाला करतात? सगळ्यात आधी कापलं-खरचटलं तर. मग बैलाच्या खांद्याला झालेल्या जखमेवर. कुणी रस खोबरेल तेलात कढवून डोक्याला लावतं. खोकल्यावर आणि जुलाबावर काढा देणारेही आहेत. प्रयोगशाळांत या पाल्याच्या अर्कावर बरंच काम झालं आहे, जखम भरून येण्यावर त्याचा चांगला परिणाम उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलेला आहे. म्हणजे आजीचा अनुभव हवेतला नव्हता. पण प्रयोगशाळेतला अर्क मोजून-मापून, गाळून काढलेला असतो, आणि आपण घेतो ते धुळीनं माखलेलं, वरून शेळी गेलेलं पान. खरचटलेल्या कातडीवर बाहेरून, एवढ्यापुरता माझा या पाल्याला पाठिंबा आहे. पोटात घेऊ नका. लहान लेकराला जुलाब होत असतील तर त्याला ओआरएसचं पाणी आणि झिंकच्या गोळ्या लागतात, दोन्ही आशाताईकडे मिळतात. तिथं काढ्याचं काम नाही.

आता त्या धुऱ्याकडे परत जाऊ.

आधी धुरा खुरप्यानं साफ व्हायचा. मजूर मिळेनासे झाले, मजुरी वाढली, आणि तणनाशकाचा पंप पाठीवर आला. त्याबद्दल शेतकऱ्याला दोष देणाऱ्यानं आधी एक एकर धुरा खुरपून दाखवावा. पण त्या पंपामुळं पाल्याचं काय झालं ते समजून घ्या. ग्लायफोसेट पानातून आत शिरतं, मुळापर्यंत जातं आणि सावकाश मारतं. झाड पिवळं पडायला आठवडा-दहा दिवस लागतात. तोवर पान हिरवं, ताजं, चोळलं तर रस सुटणारं. म्हणजे हिरवेपणा ही आता खात्री राहिली नाही. पॅराक्वाटचं उलट, ते एका दिवसात पानं करपवतं. पण करपण्याआधीचे काही तास पान चांगलंच दिसतं. पॅराक्वाट पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही, हे आपल्या भागात दुर्दैवानं अनेक घरांना माहीत आहे. ते तुटलेल्या कातडीतूनही अंगात जातं, हे मात्र फार कमी जणांना माहीत आहे. तुटलेली कातडी म्हणजे काय? जखमच ना? ज्या जागी आपण पाला चोळतो तीच.

कपाशीवर मारलेलं कीटकनाशकही वाऱ्यानं धुऱ्यावर येतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. आपल्याकडेही पांढरं सोनं पिकतं, मानवतचा कापूसबाजार आपलाच. फवारणीचे दिवस आले की आपण नाकाला रुमाल बांधतो, निदान बांधावा असं म्हणतो. धुऱ्यावरच्या पानाला कोण रुमाल बांधणार?

म्हणून माझी पहिली विनंती अगदी साधी. पाला हवाच असेल तर घरचा ठेवा. अंगणात, न्हाणीच्या सांडपाण्यापासून लांब, एखाद्या फुटक्या डेऱ्यात किंवा तेलाच्या कापलेल्या डब्यात एक फांदी लावा. पेराला मुळं फुटतातच. दगडी पाला मुद्दाम लावायचा म्हटल्यावर घरातली माणसं हसतील, आमच्याकडेही हसली. पण त्या डब्यावर कुणी औषध मारलेलं नाही, कुत्रं तंगडी वर करून गेलेलं नाही, आणि लेकरांना झाड ओळखायला शिकवायचं तर समोर झाड आहे. धुऱ्यावरचा, रस्त्याकडेचा, नालीजवळचा, उकिरड्यावरचा पाला मात्र सोडून द्या.

दुसरी गोष्ट सांगायला मला जास्त वेळ लागणार आहे, कारण ती पाल्याविषयी नाही, आपल्या घाईविषयी आहे. सुश्रुतसंहितेत जखमेवरचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यात शोधन आहे आणि रोपण आहे. शोधन म्हणजे जखम साफ करणं, रोपण म्हणजे ती भरून आणणं, आणि क्रम हाच. आपण रोपणाची घाई करतो आणि शोधन विसरतो. विळ्याला माती, हाताला माती, पाल्याला माती, आणि हे सगळं मिळून आपण जखमेत दाबतो, वर चिंधी आवळतो. रक्त थांबलं की काम झालं असं वाटतं.

आपली काळी माती आणि शेण यांत धनुर्वाताचे जंतू असतात. क्लॉस्ट्रिडियम टेटानी हे त्यांचं नाव. ते बीजरूपात वर्षानुवर्षं मातीत पडून राहतात, उन्हानं मरत नाहीत. या जंतूला हवा सोसत नाही. उघडं, वरवरचं खरचटलं असेल तर त्याचं फारसं काही चालत नाही. पण बाभळीचा काटा तळपायात खोल गेला, गंजकं पत्र्याचं टोक घुसलं, कापलेल्या तुरीचा अणकुचीदार बुडखा पायात रुतला, तर आत अंधार आणि वरून बंद तोंड. त्यावर पाल्याचा चोथा दाबून बसवला की आपण त्या जंतूचं दारच लावून घेतो. मग बहुधा आठवड्या-दहा दिवसांनी, कधी तीन दिवसांत, कधी तीन आठवड्यांनी, जबडा आखडायला लागतो. माणूस म्हणतो, भाकरी चावता येत नाही. दातखीळ बसते, मान ताठ होते, पाठ धनुष्यासारखी वाकते. धनुर्वात हे नाव उगीच नाही. आणि तोवर वरची जखम वाळलेली असते! त्यामुळं पाल्याला यश मिळतं आणि दातखिळीचं खापर बाहेरच्या बाधेवर फोडलं जातं. दोन घटनांमधला धागा कुणाला दिसत नाही.

बाळाच्या नाळेला एकेकाळी राख, शेण, हळद, पाला, काय काय लावलं जायचं. त्यातून कोवळी लेकरं धनुर्वातानं जायची. ते थांबलं. बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली, गरोदर बाईला सुई मिळायला लागली, आणि बाळ-बाळंतिणीचा धनुर्वात भारतातून हटला, असं २०१५ साली जाहीर झालं. आशा, अंगणवाडी सेविका आणि नर्सबाई यांचं हे काम आहे, आणि ते फार मोठं आहे. पण आता आपल्याच घरात एक नजर फिरवा. लेकराला दीड महिन्याचं असल्यापासून सुया मिळतात, पाचव्या-सहाव्या वर्षी, दहाव्या आणि सोळाव्या वर्षीही मिळतात. सुनेला गरोदरपणात मिळाली. राहिलं कोण? नांगरामागं चालणारा पन्नाशीचा कर्ता पुरुष. ज्याचे पाय भेगाळलेले, जो अनवाणी गोठ्यात जातो, ज्याला आठवड्याला एक काटा लागतो, त्याला शेवटची सुई कधी घेतली विचारा. सासूबाईंनाही विचारा, त्यांचं शेवटचं बाळंतपण होऊन तीस वर्षं झाली.

पूर्वी टीटी म्हणायचे, आता टीडीची सुई मिळते. तिच्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाचंही संरक्षण आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती फुकट आहे. लहानपणी काही घेतल्याची आठवण नसेल तर पहिली आज, दुसरी चार आठवड्यांनी, तिसरी सहा महिन्यांनी. पुढं दर दहा वर्षांनी एक. जखम खोल किंवा मातीनं-शेणानं भरलेली असेल आणि शेवटच्या सुईला पाच वर्षं होऊन गेली असतील तर लगेच एक. आधी काहीच घेतलेलं नसेल आणि जखम वाईट असेल तर डॉक्टर आणखी एक वेगळं इंजेक्शनही देतात. तेव्हा खरं काय ते सांगा. "घेतली असंल बहुतेक" म्हणजे घेतली नाही.

मग विळा लागला तर नेमकं करायचं काय, असं कुणी विचारेल. धुतलेलं फडकं जखमेवर दाबून धरा, दहा मिनिटं, मधे उचलून बघायचं नाही. आमच्यात हे मधे बघणंच फार. बोटाला दोरा करकचून बांधू नका, पुढचं बोट काळं पडतं. रक्त थांबलं की बोअरच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून धुवा, मातीचा कण राहू देऊ नका. चुना, हळद, तंबाखू, बॅटरीतली पावडर यांतलं काही भरू नका. वरवरचा ओरखडा असेल आणि घरच्या डब्यातला पाला असेल तर दोन-तीन पानं धुऊन, स्वच्छ हातानं चोळून रस लावा. झोंबेल. चोथा बांधून ठेवू नका. बोट पुरतं वाकत नसेल, टोकाला मुंग्या येत असतील, कडा उघड्या दिसत असतील, दाबूनही रक्त थांबत नसेल, तर तिथं पाल्याची गोष्टच काढू नका, दवाखाना गाठा. टाका पडायचा असेल तर त्याच दिवशी पडलेला बरा. दुसऱ्या दिवशी जखम लाल, गरम, ठणकणारी झाली तरीही जा. आणि ज्यांना साखर आहे त्यांनी पायाच्या कुठल्याही जखमेला पाला लावू नये, ओरखडा असला तरी. त्यांना ठणका कळत नाही, आणि कळेपर्यंत बोट काढायची वेळ येते.

कुत्रं चावलं तर पाला नको, मिरचीपूड नको, चुना नको. साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं, आणि त्याच दिवशी लस. पोटात चौदा इंजेक्शनं घेण्याचे दिवस कधीच गेले, आता ती दंडात देतात. त्या जुन्या भीतीनं कुणी घरी बसलं असेल तर त्याला उठवून न्या. सापाचं तर बोलूच नका. मण्यार रात्री अंथरुणात चावते, खूण दिसत नाही, दुखत नाही. दगडी पाला काय किंवा जगातला कुठलाही पाला काय, तिथं काही कामाचा नाही. १०८ ला फोन लावा किंवा मिळेल त्या गाडीनं मोठ्या दवाखान्यात न्या.

माझ्या करंगळीचं सांगायचं राहिलं. ती पानं मी टाकून दिली, हात बोअरवर धुतला, उपरणं फाडून बांधलं आणि तात्यांनाच म्हणालो, गाडी काढा. वाटेत त्यांची टकळी चालूच होती, एवढ्याशा कापल्याला दवाखाना म्हणजे, आमच्या टायमाला असं नव्हतं, वगैरे. आरोग्य केंद्रात सिस्टरनी जखम पुन्हा धुतली, दोन टाके घालून घेतले, सुई दिली. मग माझ्या मागं उभ्या असलेल्या तात्यांच्या पायांकडे त्यांची नजर गेली. टाचांच्या भेगांत काळी माती बसलेली, अंगठ्याजवळ कसलीशी जुनी जखम.

"आणि बाबा, तुमची सुई कधी झाली?"

"आमाला कशाला? आमी मातीतलेच."

"म्हणूनच," सिस्टर म्हणाल्या आणि दुसरी सिरिंज काढली.

आमच्या आखाड्याच्या आतल्या भिंतीवर तात्या कोळशानं नोंदी करतात. बोअर किती फुटांवर लागली, कपिला कधी व्याली, कोणाला किती पायली जवारी दिली, सगळं तिथं आहे. हरभरा पेरायच्या सुमाराला मी गेलो तेव्हा कपिलाच्या खाली नवी ओळ दिसली. 'सुई' असं लिहून पहिली तारीख, तिच्या पुढं दुसरी. आणि दुसरीच्या पुढं रेघ मारून एक जागा मोकळी सोडलेली.